‘घरात कोणी अपंग आहे का?’ : प्रश्न बदलला की आकडा बदलतो

बांगलादेशात २०१० साली सरकारने कुटुंबांच्या उत्पन्न-खर्चाची पाहणी केली. त्या पाहणीत रोजच्या हालचालींत काही ना काही अडचण असलेली माणसे शंभरात सुमारे नऊ आढळली. पुढच्याच वर्षी त्याच देशात जनगणना झाली आणि तिने अपंगांचे प्रमाण १.४ टक्के सांगितले. वर्षभरात लाखो माणसांचे पाय काही बरे झाले नव्हते. फरक होता तो मुख्यतः विचारलेल्या प्रश्नांत.

अपंगत्व मोजणे हे रक्तातली साखर मोजण्यासारखे नाही. साखरेला यंत्र आहे, एक थेंब पुरतो. अपंगत्वाच्या बाबतीत विचारणारा, सांगणारा, प्रश्नातले शब्द आणि उंबऱ्याबाहेरचा रस्ता या सगळ्यांचा उत्तरात वाटा असतो. म्हणूनच गरीब आणि विकसनशील देशांतील गावांत जाऊन अपंगत्व कसे मोजावे, हा गेली तीस-चाळीस वर्षे परदेशी विद्यापीठांतल्या संशोधकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचा विषय झाला आहे. आपल्या समाजातील मुले-मुलीही आता सार्वजनिक आरोग्य, भौतिकोपचार, समाजकार्य असे विषय घेऊन बाहेर जातात. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीमुळे अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकातील विद्यार्थ्यांना पदव्युत्तर आणि पीएच.डी. शिक्षणाची वाट थोडी मोकळी झाली आहे. त्यांतल्या कुणाला प्रबंधासाठी हा विषय सुचावा, आणि घरी राहिलेल्या आपल्यालाही तो कळावा, म्हणून या वेळचे आरोग्य पान त्यासाठी.

आधी नेहमीचा प्रश्न घेऊ : ‘घरात कोणी अपंग आहे का?’ प्रगणक दारात उभा राहून हा प्रश्न विचारतो. बहुधा घरातला कर्ता पुरुष उत्तर देतो. त्याच्या डोळ्यांसमोर कुबडी घेतलेला, पूर्ण आंधळा किंवा अंथरुणाला खिळलेला माणूस येतो. तसा घरात कुणी नसतो, म्हणून तो ‘नाही’ म्हणतो. मागच्या खोलीत त्याची आई बसलेली असते. तिला दोन वर्षांपासून गुडघ्यांमुळे उकिडवे बसता येत नाही, शौचाला जाताना भिंतीचा आधार लागतो. पण ती स्वतःच म्हणेल, “अपंग कशाची बाबा, वय झालंय माझं.” सुनेचा हात लहानपणी भाजून आखडलेला असतो. ती सगळी कामे करते, म्हणून तिचेही नाव येत नाही. लहान मुलगा उशिरा चालायला लागला, तर ‘होईल हळूहळू’ म्हणून तोही सुटतो. शिवाय ‘अपंग’ या शब्दाला लाज चिकटलेली आहे. लग्नाच्या वयाची मुलगी घरात असेल तर हा शब्द उंबऱ्याबाहेर जाऊ नये याची काळजी घेतली जाते. सरकारने ‘दिव्यांग’ हा शब्द आणला. शब्द बदलल्याने लाज किती कमी झाली, याबद्दल मला शंका आहे.

यावर उपाय शोधण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने २००१ साली न्यूयॉर्कमध्ये एक आंतरराष्ट्रीय परिसंवाद झाला. त्यातून निरनिराळ्या देशांच्या सांख्यिकी खात्यांचा एक गट उभा राहिला. त्याला ‘वॉशिंग्टन गट’ म्हणतात. या गटाने जनगणनेत घालता येतील असे सहा छोटे प्रश्न तयार केले. त्या सहांत ‘अपंग’ हा शब्द एकदाही येत नाही, आणि माझ्या मते त्यांची सगळी खुबी तिथेच आहे. चष्मा लावला तरी पाहायला त्रास होतो का? श्रवणयंत्र लावले तरी ऐकायला त्रास होतो का? चालायला किंवा पायऱ्या चढायला? लक्षात ठेवायला किंवा मन एकाग्र करायला? अंघोळ करणे, कपडे घालणे अशी स्वतःची कामे करायला? आपल्या नेहमीच्या बोलीत दुसऱ्याचे समजून घ्यायला किंवा आपले म्हणणे समजावून सांगायला? प्रत्येक प्रश्नाला चार उत्तरे असतात : त्रास नाही, थोडा त्रास होतो, खूप त्रास होतो, अजिबात करता येत नाही.

मघाच्या आजीबाईला विचारा, “चालायला त्रास होतो का?” ती अर्धा तास बोलेल.

आता खरी मेख. रेघ कुठे मारायची? ‘थोडा त्रास’ म्हणणाऱ्यालाही मोजायचे, की ‘खूप त्रास’पासून पुढे? याचे सर्वांत बोलके उदाहरण आफ्रिकेतील झांबियाचे आहे. तिथल्या १९९० च्या जनगणनेत अपंगांचे प्रमाण ०.९ टक्के आले होते. २००० च्या जनगणनेत ते २.७ झाले. २००६ साली तिथे वॉशिंग्टन गटाचे प्रश्न वापरून पाहणी झाली. सहापैकी एका तरी बाबतीत ‘थोडा त्रास’ किंवा त्याहून जास्त असलेले सगळे धरले तर १४.५ टक्के. ‘खूप त्रास’पासून रेघ मारली तर ८.५ टक्के. ‘अजिबात करता येत नाही’ एवढेच घेतले तर २.४ टक्के. माणसे तीच, पाहणी तीच. शेवटचा आकडा जुन्या जनगणनेच्या किती जवळ आहे ते पाहा. ‘अपंग आहे का’ असे विचारले की लोक फक्त शेवटच्या टोकाची माणसे दाखवतात, हे त्यावरून दिसते. देशादेशांची तुलना करताना वॉशिंग्टन गट ‘खूप त्रास’पासून पुढची रेघ वापरायला सांगतो. बांगलादेशातल्या नऊ टक्क्यांत मात्र ‘थोडा त्रास’वालेही आहेत. त्यामुळे कुठलाही आकडा वाचताना आधी रेघ कुठे मारली ते विचारावे.

लहान मुलांसाठी हे सहा प्रश्न उपयोगाचे नाहीत. तीन वर्षांच्या मुलाला अंघोळ घालावीच लागते, त्यात अपंगत्व कसले? मुलांसाठी एक जुने साधन आहे, ‘दहा प्रश्नांची चाळणी’. आईला विचारायचे : याच्या वयाच्या इतर मुलांपेक्षा हा उशिरा बसला का, उभा राहिला का, चालला का? हातापायात ताकद कमी वाटते का? कधी झटके येतात का? आपण सांगितलेले त्याला कळते का? असे दहा प्रश्न. ‘इतर मुलांपेक्षा’ हा शब्दप्रयोग फार विचार करून घातलेला आहे. मूल किती महिन्यांचे आहे हे आईला सांगता आले नाही तरी शेजारच्या मुलाशी तुलना तिने मनात कधीच केलेली असते. ही चाळणी बांगलादेश, जमैका आणि पाकिस्तान या तीन देशांत २ ते ९ वर्षांच्या २२,१२५ मुलांवर तपासून पाहिली गेली, आणि १९९४ साली निष्कर्ष छापून आले. हालचालीतले आणि बुद्धीचे गंभीर अपंगत्व तिने चांगले पकडले. पण दिसण्या-ऐकण्यातले दोष, जे घरच्यांनाच आधी माहीत नव्हते, ते तिच्यातून निसटले. चाळणीत अडकलेल्या बऱ्याच मुलांत पुढे डॉक्टरी तपासणीत गंभीर असे काही निघाले नाही.

शेवटची गोष्ट नवख्या विद्यार्थ्याला गोंधळात टाकते. तांदूळ चाळताना खड्यांबरोबर चार दाणेही वर राहतात. ते पुन्हा हाताने निवडायचे असतात. चाळणीत आलेल्या प्रत्येक मुलाच्या आईला “तुमचे मूल अपंग आहे” असे सांगून निघून जाणे हा गुन्हाच म्हटला पाहिजे. दुसरी फेरी डॉक्टरची किंवा भौतिकोपचार तज्ज्ञाची असलीच पाहिजे.

ही दुसरी फेरी कशी असते? रवांडामध्ये २००५ साली हाडे, सांधे, स्नायू यांच्या दोषांची देशभर पाहणी झाली. आधी सात प्रश्नांची चाळणी आणि ज्यांचे उत्तर ‘हो’ आले त्यांची प्रत्यक्ष तपासणी. साधारण शंभरात पाच जणांना असा काही दोष निघाला. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे मुलांसाठी ‘पीगाल्स’ नावाची छोटी तपासणी तयार झाली. चाल, हात, पाय आणि पाठीचा कणा यांची ती तपासणी असते. तिला कुठलेही यंत्र लागत नाही. मुलाला टाचांवर चालायला, चवड्यांवर चालायला, हात डोक्यामागे न्यायला, मूठ वळायला सांगायचे आणि नीट पाहायचे. दोन-तीन मिनिटे पुरतात. आफ्रिकेतील मलावीच्या रुग्णालयातही ती वापरून पाहिली आहे. तिच्या सुरुवातीला तीन प्रश्न असतात : कुठे दुखते किंवा आखडते का, कपडे स्वतः घालता येतात का, आणि जिना चढता-उतरता येतो का.

जिना! ज्या गावात सगळी घरे बैठी, तिथे जिना कुठून आणायचा? ही अडचण हसण्यावारी नेण्यासारखी नाही. परदेशी विद्यापीठांतली बरीच मोजमापे तिकडच्या दवाखान्यांत, तिकडच्या घरांवरून बेतलेली आहेत. अमेरिकेतील मेरीलँडमध्ये १९६५ साली तयार झालेला ‘बार्थेल निर्देशांक’ आजही जगभर वापरतात. जेवण, अंघोळ, शौच, जिना अशा दहा बाबींना गुण द्यायचे आणि बेरीज शंभरापर्यंत. कमोडवर बसता येणे आणि उघड्यावर किंवा भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवे बसता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कमोडवर पूर्ण गुण मिळवणारा माणूस गावात रोज सकाळी लाचार होऊ शकतो. मग विद्यार्थ्याने काय करावे? प्रश्न बदलून ‘विहिरीवरून घागर आणता येते का’, ‘खाली मांडी घालून बसता येते का’ असे विचारावे? तसे केले की गावातले खरे चित्र मिळते, पण दुसऱ्या देशाशी तुलना करता येत नाही. प्रत्येकाने आपापली फूटपट्टी कापली तर कापड मोजणार कसे? माझे मत असे की मूळ प्रश्न शब्दशः ठेवावेत आणि गावचे प्रश्न त्याच्या खाली वेगळे जोडावेत. भाषांतर मात्र स्थानिक माणसांसमोर वाचून, “यातून तुम्हाला काय समजले?” असे विचारून मगच पक्के करावे. ‘त्रास होतो का’ म्हटल्यावर कुणाला दुखणे आठवते, कुणाला सासू.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली जे वर्गीकरण स्वीकारले त्यात याच गोष्टीला जागा दिली आहे. शरीरातला दोष, त्यामुळे अडणारे काम, आणि त्यामुळे समाजात तुटणारा सहभाग हे तीन वेगळे धरायचे, आणि भोवतालच्या परिस्थितीचा हिशेब त्यात घालायचा. दोघांचा एकेक पाय पोलिओने गेलेला आहे. एकाकडे तीनचाकी सायकल आहे, घरासमोर सपाट रस्ता आहे, शिवणाचे मशीन आहे. दुसऱ्याची झोपडी नाल्यापलीकडे आहे. पाय सारखेच, पण अपंगत्व सारखे नाही.

हे एका विद्यार्थ्याच्या कामातून फार छान दिसते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत शिकणारा अमॉस विंटर २००५ च्या उन्हाळ्यात टांझानियात गेला. तिथल्या अपंगांना मिळणाऱ्या चाकाच्या खुर्च्यांची स्थिती तपासणे एवढेच त्याचे काम होते. त्याने वापरणाऱ्यांना आणि बनवणाऱ्यांना गाठले. दवाखान्यातली खुर्ची वाळूत आणि खडबडीत वाटेवर रुतते, आणि हाताने फिरवायची तीनचाकी रस्त्यावर चालते पण आकाराने इतकी मोठी की घरात शिरत नाही, असा तो पेच होता. यातून पुढे दोन्ही हातांनी दांडे पुढे-मागे ढकलून चालवायची खुर्ची निघाली. चढावर दांडा वरच्या टोकाला धरला की जोर जास्त मिळतो, सपाटीवर खाली धरला की वेग वाढतो. सुटे भाग सायकलचे, म्हणजे गावातल्या सायकलवाल्याकडे दुरुस्ती होते. पूर्व आफ्रिकेत चाचणी घेतली तेव्हा वापरणाऱ्यांनी तक्रार केली की ती जड आहे, रुंद आहे, घरात वळत नाही. खुर्ची बदलली. नंतरच्या चाचण्या ग्वाटेमालात आणि भारतात झाल्या. भारतात ‘जयपूर फूट’ बनवणाऱ्या जयपूरच्या संस्थेबरोबर काम झाले. या सगळ्याची सुरुवात एका विद्यार्थ्याने एका उन्हाळ्यात नीट विचारलेल्या प्रश्नांतून झाली.

पण प्रत्येक प्रबंधातून खुर्ची निघत नाही, हेही खरे. लंडनसारख्या ठिकाणी सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी एका वर्षाची असते. त्यात प्रकल्पाला मिळतात ते उन्हाळ्याचे तीन-चार महिने. तेवढ्यात नीतिमत्ता समितीची परवानगी, यजमान देशातील संस्थेची परवानगी, दुभाषा, प्रवास, माहिती गोळा करणे आणि लेखन, सगळे उरकायचे. अशा विद्यार्थ्याने साऱ्या जिल्ह्यातील अपंगांचे प्रमाण काढायला जाऊ नये. त्याला हजारो माणसांचा नमुना लागतो, प्रशिक्षित चमू लागतो. लंडनच्या संशोधकांनी तेलंगणातील महबूबनगर जिल्ह्यात आणि कॅमेरूनमध्ये अशी मोठी पाहणी केली तेव्हा प्रश्न आणि वैद्यकीय तपासणी दोन्ही वापरले. महबूबनगरमध्ये प्रमाण १२.२ टक्के आले. नुसते विचारून काही माणसे सुटतात, नुसते तपासून वेगळीच सुटतात, हे त्यातून कळले. एकट्या विद्यार्थ्याने छोटा प्रश्न धरावा. एखाद्या साधनाचे भाषांतर लोकांना कळते का? घरातल्या कर्त्याचे उत्तर आणि त्या बाईचे स्वतःचे उत्तर यात किती फरक पडतो? चाळणीत सापडलेली मुले पुढे दवाखान्यापर्यंत पोहोचली का?

शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचा आहे. पाहणी करणारा दारात आला की घरच्यांच्या मनात आशा उभी राहते. वही घेऊन आलेला माणूस म्हणजे सरकारचा, किंवा निदान मदत आणणारा, असेच वाटते. पोराचा पाय पाहिला, मोजला, फोटो काढला आणि साहेब विमानाने परत गेले, असे झाले तर पुढच्या वेळी तो दरवाजा उघडत नाही. बांगलादेशात अंध मुले शोधण्यासाठी यापेक्षा शहाणी पद्धत वापरली गेली. शिक्षक, स्वयंसेवक, गावातली जाणती माणसे यांना थोडे शिकवून मुलांची नावे गोळा केली आणि ठरलेल्या दिवशी तज्ज्ञांचे शिबिर लावले. देशाच्या ६४ही जिल्ह्यांतून १,९३५ मुले तपासली गेली. जवळजवळ एक तृतीयांश मुलांत दोष डोळ्याच्या भिंगाचा होता, मुख्यतः शस्त्रक्रियाच न झालेला मोतीबिंदू. म्हणजे मोजता मोजता ज्यांच्यासाठी काही करता येण्यासारखे आहे तेही कळले. हीच पद्धत पुढे हातापायांच्या दोषांसाठीही वापरली गेली.

मेक्सिकोतील आहोया या डोंगरी गावात १९८० च्या दशकात ‘प्रोहिमो’ नावाचा प्रकल्प उभा राहिला. तो गावातल्या अपंगांनीच चालवला. डेव्हिड वर्नर यांनी तिथल्या अनुभवावरून १९८७ साली खेड्यातल्या अपंग मुलांवर एक जाडजूड, चित्रांनी भरलेले पुस्तक लिहिले. ते स्वतः स्नायूंच्या आजाराने अपंग. मोजणारा आणि ज्याला मोजायचे तो यांत अंतर कमी असले की प्रश्न कसे बदलतात हे पाहायचे असेल तर ते पुस्तक चाळावे. परदेशी जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनीही तिथल्या अपंगांच्या संघटनेतल्या माणसाला निव्वळ ‘माहिती देणारा’ न मानता चमूत घ्यावे.

आता आपल्याकडे. २०११ च्या जनगणनेत भारतात २.६८ कोटी अपंग मोजले गेले, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालाने जगातील प्रमाण सुमारे १५ टक्के धरले. २०२२ च्या अहवालात ते १६ टक्के आहे. महाराष्ट्रात २०११ साली २९.६३ लाख अपंगांची नोंद झाली. अनुसूचित जातींत हे प्रमाण २.४५ टक्के होते आणि अनुसूचित जाती-जमाती वगळून इतरांत २.१८ टक्के. नोंद एवढी तोकडी असतानाही हा फरक दिसतो. तोकडी नोंद भरून निघाली तर तो वाढेल की घटेल, हा एखाद्या चांगल्या प्रबंधाचा विषय आहे आणि त्यासाठी परदेशी जाण्याचीही गरज नाही.

लक्षात ठेवायची एक गोष्ट : पाहणीतले अपंगत्व आणि प्रमाणपत्रावरचे अपंगत्व वेगवेगळे असते. आपल्या २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, पण नोकरीतील ४ टक्के आणि उच्च शिक्षणातील ५ टक्के आरक्षणासाठी ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व प्रमाणित असावे लागते. ते टक्के वैद्यकीय मंडळ ठरवते. सहा प्रश्नांना ‘खूप त्रास’ असे उत्तर दिल्याने प्रमाणपत्र मिळत नाही. पण कुणी जायला हवे ते त्यातून नक्की कळते. पुढे यूडीआयडी कार्डासाठी ऑनलाइन अर्ज करून जिल्हा रुग्णालयात तपासणीला जावे.

नवी जनगणना १ मार्च २०२७ या संदर्भ दिनांकाने जाहीर झाली आहे. प्रगणक आला आणि अपंगत्वाबद्दल विचारू लागला की घाईने ‘कोणी नाही’ म्हणू नका. आत जाऊन आजीला आधी विचारा, चालायला त्रास होतो का. सुनेला विचारा, हाताने पदर खोचता येतो का. आणि शक्य असेल तर त्यांना स्वतःलाच दारात बोलावून उत्तर देऊ द्या.